खिडकीच्या आतला माणूस

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला एक खिडकी असते. बाहेर विद्यार्थ्यांची रांग, आत आम्ही. कुणाची गुणपत्रिका आलेली नसते, कुणाच्या नावात चूक असते, कुणाची दुसऱ्या दिवशी मुलाखत असते. रांगेतल्या मुलाच्या मनावर ताण असतो, हे आता सर्वांना पटलं आहे. त्याच्यासाठी अनेक ठिकाणी समुपदेशन केंद्रंही निघाली. मला आज बोलायचं आहे ते खिडकीच्या आतल्या माणसाबद्दल.

बी.ए. होऊन मी लिपिक म्हणून लागलो आणि त्या खिडकीत बरीच वर्षं काढली. कविताही लिहीत राहिलो. २०११ च्या उन्हाळ्यात निकाल लांबले होते. विभागातल्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांचं काम भरलेल्या खुर्च्यांवर आलं होतं. दिवसभर बोलणी खायची, रात्री छताकडे बघत पडायचं. एका दुपारी गुणपत्रिकांचा एकच गठ्ठा मी चार वेळा मोजला. चारही वेळा आकडा वेगळा आला. साहेब म्हणाले, “रजा टाका.” अर्जात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘ताप’.

ताप नव्हता. पण खरं कारण लिहिलं तर तो कागद फायलीला लागणार, फाईल दहा टेबलांवरून फिरणार आणि बढतीच्या वेळी कुणाला तरी ते आठवणार, ही भीती होती. आयुष्यभर शब्दांशी खेळणाऱ्या माणसाला अर्जावर एक खरा शब्द लिहिता आला नाही.

घरी अम्मी म्हणाली, “दुआ तो मैं करतीच हूं, तू डॉक्टर को बी दिखा.” विद्यापीठात समुपदेशन केंद्र होतं. त्याचं परिपत्रक महाविद्यालयांना मीच पाठवलं होतं. एकदा दारापर्यंत गेलो. बाकावर विद्यार्थी बसले होते. त्यातल्या एकाला आदल्याच आठवड्यात मी खिडकीतून ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं होतं. मी तसाच मागे फिरलो.

शेवटी वाट दाखवली ती आवक-जावकच्या टेबलावरच्या मित्रानं. तो दर मंगळवारी सुटल्यावर घाईनं निघायचा. गणपतीला जातो, असं आम्ही समजत होतो. चहा पिताना तो हळूच म्हणाला, “भाई, येत्या मंगळवारी माझ्याबरोबर चला. मी समुपदेशकाकडे जातो.”

समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा, असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी गेला. त्या बाईंनी सल्ला दिलाच नाही, प्रश्न विचारले. झोप किती वाजता मोडते? त्या वेळी पहिला विचार कोणता येतो? जेवणाच्या सुट्टीत खरंच जेवता का? पाऊण तासात मला माझंच बोलणं नीट ऐकू आलं. समुपदेशक औषध देत नाही. गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो, औषध तो देतो. मला काही महिने दोन्हींची गरज लागली.

ज्या गोष्टीला मी भीत होतो, त्याबद्दल आजचा कायदा काय सांगतो, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे काही अपवाद सोडले, तर उपचार करणाऱ्यानं ही माहिती कुणाला द्यायची नसते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याच्याही पुढे जातो. नोकरीत असताना अपंगत्व आलं, म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पदावनतही करता येत नाही. कायद्यानं स्थापन झालेली विद्यापीठं या व्याख्येत येतात, आणि अपंगत्वाच्या यादीत मानसिक आजारही आहे.

पण नुसत्या कायद्यानं माणूस दार उघडत नाही. कर्मचाऱ्यांसाठी नोकरीच्या ठिकाणीच मदतीची सोय करण्याची कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या चाळिशीत अमेरिकेतल्या कारखान्यांत कामगारांच्या दारूच्या प्रश्नापासून ती सुरू झाली. ती आपल्याकडे रुजवायची तर काही पथ्यं पाळावी लागतील. खोली प्रशासकीय इमारतीत नको. समुपदेशक बाहेरचा हवा. त्याच्या बिलात किती भेटी झाल्या तो आकडा असावा, नावं नसावीत. भेटीची वेळ कामाच्या वेळात धरावी. आणि ही सोय प्राध्यापकांइतकीच शिपाई, सफाई कामगार व कंत्राटी कर्मचारी यांनाही मिळावी. रजा टाकणं तर कंत्राटी माणसाला सर्वांत महाग पडतं.

आणखी एक. समुपदेशन हे रिकाम्या खुर्चीवरचं औषध नाही. तिघांचं काम एकावर टाकायचं आणि वर त्याला मन शांत ठेवायला सांगायचं, ही थट्टा झाली. खुर्च्या भरायलाच हव्यात.

ज्यांच्या कार्यालयात कसलीच सोय नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतूनही बोलता येतं.

आता मी खिडकीत बसत नाही. रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. सगळेच ताप खोटे नसतात. पण निकालाच्या दिवसांत एखाद्याच्या अर्जावर ‘ताप’ दिसला, की मी सही करतो आणि त्याला म्हणतो, “चल, खाली चहा घेऊ.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)