गाडीत धुराचा वास येतो तेव्हा

दिवाळी सरली की लग्नसराई सुरू होते. वसुलीसाठी गावोगाव फिरणे असते आणि सवड काढून कुटुंबासह कुंथलगिरीची किंवा कुंभोजची यात्राही घडते. थंडीमुळे गाडीच्या काचा बंद असतात. अशा वेळी मागच्या आसनावरून कोणीतरी विचारते, “धुराचा वास येतोय का?” पुढच्या ट्रकचा असेल, असे उत्तर मिळते आणि बहुधा ते खरेही असते. परंतु ट्रक मागे पडल्यावरही वास तसाच राहिला, तर तो आपल्याच गाडीचा समजावा.

धुरातील सर्वांत घातक घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या नाकाला जाणवतो तो सोबतच्या अर्धवट जळलेल्या इंधनाचा वास. त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका टळला, असे समजता येत नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोके दुखते, मग मळमळ व गुंगी येते. आपल्याकडे याला ‘गाडी लागली’ म्हणून आल्याची वडी दिली जाते! गाडीतील दोघातिघांचे डोके एकदमच दुखू लागले आणि खाली उतरल्यावर बरे वाटले, तर शंका धुराचीच घ्यावी. लहान मुले आणि गर्भवती यांना त्याची बाधा अधिक होते.

असा वास आल्यास सर्व काचा उघडून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि सर्वांनी उतरावे. गुंगी किंवा उलटी होत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जावे.

दोष शोधण्याचे निम्मे काम गॅरेजबाहेरच होते. रोजमेळात जशी नोंद ठेवतो, तशी वासाचीही ठेवावी: केव्हा येतो, कोठे बसलेल्याला आधी जाणवतो, पंखा कोणत्या स्थितीत असतो. गाडी सिग्नलला उभी असताना वास येत असेल आणि पंखा आतल्या हवेवर करताच कमी होत असेल, तर दोष बॉनेटखाली आहे. बाहेरची हवा आत घेणारी जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते आणि इंजिनजवळ गळणारा धूर तेथूनच आत येतो. सकाळी गाडी सुरू करताच टिकटिक आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो मंदावत असेल, तर मॅनिफोल्डला तडा गेला असावा किंवा त्याचे गॅस्केट फुटले असावे. वास जळक्या तेलाचा असेल, तर टॅपेट कव्हरमधून ऑइल पाझरून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते आहे का, ते पाहावे.

वास धावत्या गाडीत आणि मागे बसलेल्यांना अधिक येत असेल, तर गोष्ट वेगळी. येथे बहुतेक लोक सायलेन्सर बदलतात आणि वास मात्र तसाच राहतो. गाडी वेगाने धावते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि स्वतःचाच धूर मागच्या बाजूला घुटमळतो. मागचा दरवाजा सरळ उभा असलेल्या गाड्यांत हे विशेष घडते. डिकीचे रबर फाटले किंवा कडक झाले असेल, तर तो धूर आत ओढला जातो. परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी रबरावर ठेवून डिकी लावावी व पट्टी ओढावी. ती सहज निघाली, तर त्या जागी फट आहे. चहूबाजूंनी असे करून पाहावे. मागच्या दिव्यांची गॅस्केटेही तपासावीत. नंतर बसवलेल्या सीएनजी संचाच्या नळ्यांसाठी पत्र्याला पाडलेली छिद्रेही नीट बुजलेली नसतात. कुबट, तीव्र वास असेल, तर तो धूर नसून सीएनजीची गळती असू शकते. तेव्हा इंजिन व टाकीची झडप बंद करावी.

आपल्या व्यवसायात एक सवय सर्रास दिसते. गठ्ठे मावत नाहीत म्हणून मागचा दरवाजा अर्धवट उघडा ठेवून दोरीने बांधतात. सायलेन्सर कितीही उत्तम असला तरी ही गाडी धूर आत घेणारच. तसेच, बाजार समितीबाहेर पहाटेपर्यंत थांबताना इंजिन व एसी चालू ठेवून झोपू नये. चालकालाही तसे झोपू देऊ नये.

सायलेन्सरच्या नळीची तपासणी मात्र फिटरकडूनच करून घ्यावी. थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले की गळतीच्या जागी फेस येतो. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंगचे ठिगळ फार काळ टिकत नाही. तेवढा तुकडा बदलणे शेवटी स्वस्त पडते. पीयूसी प्रमाणपत्र असले की चिंता नाही, असे काहींना वाटते. ती तपासणी नळीच्या टोकाशी होते. वाटेत धूर कोठे गळतो, हे तिच्यात कळत नाही.

दुरुस्तीनंतर, पूर्वी ज्या स्थितीत वास येत असे त्याच स्थितीत गाडी चालवून पाहावी आणि मगच बिल चुकते करावे.