वाढदिवसाचं ताट: घरचं, दुकानातलं की गटाचं?



आजचा विषय ऐकायला छोटा आहे, पण बचत गटाच्या बैठकीत आता तो वरचेवर निघतो. लेकराचा वाढदिवस आणि त्यासाठी लागणारी ताटं, वाट्या, पेले. घरी करायचे, दुकानातून आणायचे की आणखी काही?

आपल्या लहानपणी वाढदिवस म्हणजे सकाळी न्हाऊ घालायचं, पाटावर बसवून औक्षण करायचं, शिरा नाहीतर खीर करायची, संपलं. आताची मुलं मोबाईलवर बघतात आणि म्हणतात, "आई, मला छोटा भीमचा वाढदिवस पाहिजे." याला थीम म्हणतात. एक विषय धरायचा आणि केक, फुगे, टोप्या, ताटल्या, पेले सगळं त्याच चित्राचं, त्याच रंगाचं आणायचं. तालुक्याच्या गावात असा संच तयार मिळतो.

लेकराच्या हौसेत वाईट काही नाही. पण त्या हौसेचा हिशेब आईला करावा लागतो. समजा गटातून वाढदिवसासाठी ५००० रुपये उचलले, दरमहा शेकडा २ रुपये व्याज आणि महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडायची. दहा महिन्यांत व्याजाचेच ५५० रुपये होतात. म्हणजे पुढचा वाढदिवस दोन महिन्यांवर येतो तेव्हा कुठं आपण मागचा फेडून मोकळ्या होतो. शेळी घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला कर्ज काढलं तर त्यातून पैसा परत येतो. ताटल्या तासाभरात उकिरड्यावर जातात.

म्हणून ताट निवडताना चार गोष्टी मोजायच्या. पैसे किती लागतात? आपला वेळ किती जातो? त्यात खाणं लेकराला सुरक्षित आहे का? आणि जेवण झाल्यावर त्या ताटाचं काय होतं? या चार प्रश्नांवर आपण एकेक ताट तपासून बघू.

आधी दुकानातलं. थर्माकोलच्या आणि एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांच्यावर महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं बंदी आली. १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात अशा वस्तूंवर बंदी आहे. फुग्याला लावायची प्लॅस्टिकची काडी आणि सजावटीचा थर्माकोलही त्या यादीत आहे. राज्याच्या नियमात पहिल्यांदा सापडलं तर ५००० रुपये दंड आहे. तरी कुठं कुठं हा माल विकायला असतोच. दुकानदारानं दिला म्हणून तो चालतो, असं समजू नका.

मग कागदी घेऊ, असं आपण म्हणतो. इथं जरा थांबा. नुसत्या कागदात सरबत ओतलं तर तो भिजून फाटेल. कागदी पेला फाटत नाही, कारण त्याच्या आतून बहुधा प्लॅस्टिकचं पातळ अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांचा अभ्यास केला. १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं कपात राहिलं, तर अस्तराचे सुमारे २५ हजार अतिबारीक कण पाण्यात उतरतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडच्या चंदेरी पत्रावळीचंही तसंच. ती चांदीसारखी चमकते तो प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. ताटली थोडी भिजवा आणि फाडा. कागदापासून पातळ कातडीसारखा थर सुटला, तर त्यात प्लॅस्टिक आहे. अशा ताटलीत गरम रस्सा, गरम पुरी वाढू नका.

आता जेवणानंतरचं बघा. उरलेला केक, भाजी लागलेल्या ताटल्या आपण गोळा करून कडेला टाकतो. वासानं गाय येते, शेरडं येतात. अन्नाबरोबर प्लॅस्टिक पोटात जातं, ते पचत नाही, साठत राहतं. जनावर चारा सोडतं, पोट फुगतं. चाळीस हजारांची गाय वाढदिवसाच्या ताटलीनं आजारी पडली तर तो वाढदिवस केवढ्याला पडला? आणि पेटवून दिलं तर त्याचा धूर अंगणात खेळणाऱ्या पोरांच्याच छातीत जातो.

आता घरचं ताट. आपल्या जिल्ह्यांत पत्रावळी आणि द्रोण काही नवीन नाहीत. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरभागात पळस आहे, मोठी झाडी आहे. माण-खटावच्या माळावर वड सापडतो. कृष्णाकाठी परसात केळ असते. पळसाच्या देठाला पानं तीनच, ही म्हण आपल्याला पाठ आहे, पण पत्रावळीला मात्र सात-आठ पानं लागतात. मधे एक मोठं पान, भोवती बाकीची एकावर एक चढवून बांबूच्या बारीक चोयांनी टाचायची. पानं सावलीत वाळवलेली असली तर टाचायच्या आधी पाणी शिंपडून मऊ करायची, नाहीतर तडकतात.

घरच्या ताटाचे काही नियम मात्र पक्के लक्षात ठेवा. रुई, कण्हेर, धोतरा यांचं पान किंवा काडी ताटासाठी कधीही वापरायची नाही. ही झाडं विषारी आहेत. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षबागा आहेत, तिथं औषधाची फवारणी सतत चालते. बागेतली किंवा बागेला लागून असलेल्या झाडाची पानं नकोत. रस्त्याकडेची धूळ बसलेली पानंही नकोत. पान दोन्ही बाजूंनी धुऊन पुसून घ्यायचं. टाचायला स्टेपलरची पिन वापरायची नाही, ती लेकराच्या घासात जाऊ शकते. चोया वापरल्या तरी टोकं बाहेर राहिली नाहीत ना, हे हात फिरवून बघायचं. अगदी लहान मुलांना एकच केळीचं पान कापून द्या, त्यात टाचण्याचा प्रश्नच नाही.

आणि भेळेसाठी वर्तमानपत्राचा पुडा करू नका. छपाईची शाई खाण्यात उतरते. अन्नसुरक्षेच्या केंद्रीय नियमांतही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला आणि वाढायला मनाई आहे.

घरचं म्हणजे फुकट, असं मात्र म्हणू नका. चाळीस मुलं येणार तर फाटतुटीसह पंचेचाळीस पत्रावळी हव्यात. सवय नसलेल्या बाईला एका पत्रावळीला सहा मिनिटं धरली, तर साडेचार तास होतात. पानं आणायचा, धुवायचा वेळ वेगळा. रोज ३०० रुपये धरला तर दीडशेच्या वर मजुरी आपण घातली. त्याच दिवशी स्वयंपाक आहे, जनावरं आहेत, भांगलण आहे. आपल्या वेळेची किंमत आपणच शून्य धरली तर घरातलं दुसरं कोण कशाला मोजेल? म्हणून हे काम एकटीनं अंगावर घेऊ नका. वेळ नसेल, तर यंत्रावर दाबलेल्या पानांच्या पत्रावळ्या, उसाच्या चिपाडाच्या किंवा सुपारीच्या झाडाच्या झावळीच्या ताटल्या विकत घ्या. शक्यतो पत्रावळी करणाऱ्या गटाकडूनच घ्या. घेताना वास घ्या, बुरशीचे काळे ठिपके बघा आणि वर चकचकीत थर नाही ना, ते फाडून बघा.

तिसरी वाट आहे स्टीलची. घरात दहा-पंधरा ताटं असतात, बाकीची जावेकडून, शेजारणीकडून गोळा करायची. खाली नेलपेंटचा ठिपका लावला की कुणाचं ताट कुणाचं हे कळतं. स्टीलमध्ये गरम, आंबट, पातळ काहीही वाढा, चिंता नाही. आजीच्या वेळची पितळेची ताटं काढायची हौस असेल तर आधी कल्हई बघा. कल्हई गेलेल्या पितळेत दही, ताक, चिंचेची आमटी कळकते आणि बाधते.

स्टीलला एकच अडचण, पाणी. उन्हाळ्यात माण, खटाव, आटपाडी, जत भागात टँकरची वाट बघत असताना चाळीस ताटं धुणं परवडत नाही. तिथं त्या दिवसांत पानाची पत्रावळी शहाणपणाची. जिथं पाणी आहे तिथं स्टील. वाढदिवस कुठल्या महिन्यात येतो आणि तेव्हा गावात पाणी किती असतं, यावर ताट ठरवायचं. बेतही बघायचा. रस्सा असेल तर स्टील, भेळ-पोहे-केक असेल तर पानाचा द्रोण पुरतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं बरोबर, पण पोराच्या छोट्या भीमचं काय? माझं म्हणणं असं की थीम ताटात असायची गरज नाही. अन्नाखालचं चित्र कुणाला दिसत नाही. थीम ताटाच्या भोवती ठेवा.

जुन्या कॅलेंडरची पानं घ्या, मागची कोरी बाजू वर करा. वाढदिवसाच्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना आठवडाभर आधी त्यावर चित्रं काढू द्या. प्रत्येक ताटाखाली एक चित्र, ही झाली भीमची पंगत. मुलाला रेल्वेचं वेड असेल तर घराला मिरज जंक्शन करा. निमंत्रण म्हणजे तिकीट, बसायची रांग म्हणजे डबे, जागेवर नंबर. मुलीला फुलं आवडत असतील तर कास पठार करा, रंगीत कागदाची फुलं दाराला. आणि थीम रानाची, प्राण्यांची असेल तर मग पत्रावळी हीच सजावट, वेगळं काही आणायलाच नको.

सजावट चिकटवायला कणकेची खळ वापरा. पेल्यावर चित्र लावायचं तर बाहेरून आणि काठापासून दोन बोटं खाली, ओठ लागतो तिथं रंग नको. चमकी ताटाजवळ नको. तीन वर्षांच्या आतली मुलं येणार असतील तर मणी, टिकल्या, फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, ते घशात अडकतात.

शेवटी गटाचा फायदा. वरच्याच चाळीस मुलांचा हिशेब मांडू. चित्राचा संच समजा माणशी २५ रुपये, तर १००० रुपये. गटाची स्टीलची ताट-वाटी-पेला भाड्यानं समजा ४ रुपये, तर १६० रुपये. हा फरक आईच्या पदरात पडतो आणि भाडं गटाच्या पेटीत. गटानं ५० संच घेतले, एक संच १८० रुपयांना धरला, तर ९००० रुपये लागतात. सगळे संच गेले तर एका कार्यक्रमाचं भाडं २०० रुपये. पंचेचाळीस कार्यक्रमांत भांडवल वसूल. महिन्याला चार कार्यक्रम मिळाले तर वर्षभराच्या आत. बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू यालाही तीच ताटं जातात. फक्त देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या, हरवलेल्या पेल्याचे पैसे आधी ठरवा आणि वहीत लिहा. मैत्रीत हिशेब राहिला तर मैत्री राहते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. या वर्षात आपल्या गटातल्या किती लेकरांचे वाढदिवस आहेत, ते महिन्यावार लिहून काढा. ज्या महिन्यांत पाणी आहे तिथं स्टील लिहा, जिथं नाही तिथं पत्रावळी. पत्रावळी कोण टाचणार आणि तिला किती मजुरी द्यायची, तेही त्याच वहीत त्याच दिवशी ठरवा.