पिकाची माती, पायाची माती



भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. या दोन्ही तालुक्यांत फिरताना काळी, भारी जमीन दिसली की आम्हा शेतीखात्याच्या माणसांना ऊसच दिसतो. पण त्याच जमिनीवर घर बांधायचे तर पारख निराळी लागते.

दौंड तालुक्यातील एका शेतकऱ्याने उसाच्या पैशातून घर बांधले. दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. त्यांनी माती परीक्षणाचा कागद माझ्यापुढे ठेवला. "साहेब, जमीन एक नंबर आहे, असं तुम्हीच सांगितलं होतं!" सांगितले होते खरे, पण पिकासाठी. त्या कागदात सामू, नत्र, स्फुरद, पालाश असते. जमीन किती वजन पेलेल, हे नसते.

उलगडा केला त्यांच्या मुलीने. ती पुण्याला सिव्हिल इंजिनियरिंग शिकते. मृदा यांत्रिकी आणि अभियांत्रिकी भूशास्त्र हे तिचे विषय. "माती शिकायला कॉलेजात पैसे कशाला भरायचे?" असे वडीलच तिला चिडवीत.

तिने अंगणातली माती वाळवून, कुटून, बारीक चाळली. काचेच्या दोन सारख्या नळ्यांत सारखी माती घेतली. एकीत पाणी ओतले, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी पाहिले तर रॉकेलमधली माती होती तेवढीच, पाण्यातली जवळजवळ दीडपट! काळ्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात, वाळले की आकसतात. पावसाळ्यात पाया उचलला जातो, उन्हाळ्यात खचतो, आणि भिंत फाटते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात, त्याच घराखालीही पडतात.

मातीचे हे शास्त्र कार्ल टर्झागी यांनी १९२५ साली ग्रंथरूपाने मांडले. पण त्यातली एक गोष्ट आपल्याला जुनीच आहे. नांगरटीला वाफसा लागतो ना? भरावालाही तसाच ओलावा लागतो. कोरडी माती दाबून बसत नाही, चिखलही बसत नाही. म्हणून बंधाऱ्याचा भराव पातळ थरांनी, बेताचे पाणी मारून दाबायचा असतो.

मातीच्या बांधकामात चूक झाली तर काय होते, हे पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असतानाच धरण भरले. मोरीवरचा भराव खचत गेला आणि पाणी त्यावरून वाहू लागले. पुण्यात हाहाकार उडाला.

आता खालचा खडक. विहीर खणताना माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थर लागतात, मध्येच लाल गेरूचा पट्टा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे हे थर आहेत. लाल थर मऊ असतो. धरणाखाली किंवा पुलाखाली तो कुठे आहे, हे आधी भोके पाडून पाहावे लागते.

तेव्हा घर बांधण्यापूर्वी एवढे करा. आधी खड्डा घेऊन मुरूम किती खाली आहे, ते पाहा. जवळ असेल तर पाया मुरमात न्या. काळी माती खोल असेल तर इंजिनियरला विचारून खाली फुगीर बुंधा असलेले खांब घाला. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे रूढ केली. जोत्यात काळी माती भरू नका, मुरूम भरा. न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका. भिंतीभोवती उताराची फरशी करा, मोठे झाड जवळ लावू नका.

त्या शेतकऱ्याने यंदा गोठा बांधायला काढला. या खेपेस गवंड्याच्या आधी त्याने मुलीला बोलावले. दोघांनी मिळून खड्डा खणला. मुरूम लागला, तेव्हाच दोरी धरली.

तुमच्या घरी कोणी मूल हा विषय शिकत असेल, तर त्याला हसू नका. बांधकामाची आखणी करण्याआधी त्याला जागा दाखवा.