रेघांची रोजनिशी

सकाळच्या वेळी भाईंदर स्थानकात लोकलगाडी येऊन उभी राहते, तेव्हा फलाटावर किती तऱ्हेची माणसे दिसतात! डोक्यावरची पाटी सावरणारी मासळीवाली, घड्याळाकडे पाहत धावणारा कारकून, दप्तराच्या ओझ्याने वाकलेला विद्यार्थी, आणि या साऱ्या गडबडीत बाकाखाली निवांत झोपलेला एखादा कुत्रा. गाडी सुटते आणि हे सारे दृश्य क्षणात विस्मृतीत जाते. डोळे सर्वांनाच असतात. परंतु नुसते दिसणे निराळे आणि पाहणे निराळे. ज्याला हे दृश्य कागदावर उतरवावयाचे आहे, त्याला मात्र मासळीवाली पाटीला हात कोठे लावते आणि धावणाऱ्याचा खांदा कोणत्या बाजूस झुकतो, हे बारकाईने पाहावेच लागते. चित्र काढण्याची सवय म्हणजे मुळात नीट पाहण्याचीच सवय होय. ही सवय बालपणी जडली आणि जन्मभर टिकली, तर तिच्यातून काय घडते, हे मारिओ मिरांडा यांच्या चरित्रावरून कळते.

मारिओ यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. त्यांचे घराणे गोव्यातील साष्टी तालुक्यातल्या लोटली गावचे. त्या काळी गोवा आणि दमण हे दोन्ही प्रदेश पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. मारिओला अगदी लहान वयातच चित्रे काढण्याचा नाद लागला. कागद कोठला? घराच्या भिंती हाच त्याचा कागद! स्वच्छ भिंतींवर अशा रेघोट्या उमटल्या म्हणजे बहुतेक घरांत मुलाला शिक्षा होते. मारिओच्या आईने मात्र निराळा उपाय केला. तिने त्याला कोऱ्या पानांची एक वही आणून दिली. भिंती वाचल्या आणि मुलाचा छंदही वाचला. त्या वहीला मारिओ आपली रोजनिशी म्हणू लागला.

रोजनिशी म्हटली म्हणजे दिवसभरात घडलेल्या गोष्टी लिहून ठेवण्याची वही. मारिओच्या रोजनिशीत शब्द थोडे आणि चित्रेच फार. दिवसभरात जे पाहिले, ते कागदावर उतरवावयाचे, असा त्याचा परिपाठ पडला. या परिपाठाचा एक मोठा लाभ असतो. आज आपल्याला काहीतरी रेखाटावयाचे आहे, हे मनात असले म्हणजे साधा दिवसही साधा राहत नाही. शेजाऱ्याची चालण्याची ढब, पाहुण्यांच्या मिशांची ठेवण, उन्हात सुस्तावलेले मांजर, या सर्वांत काही ना काही टिपण्याजोगे दिसू लागते. चित्रकला शिकवणाऱ्या कोणत्याही विद्यालयात मारिओ यांचे शिक्षण झाले नाही. त्यांची शाळा म्हणजे ही रोजनिशीच होती.

या छंदामुळे अडचणीही आल्या. बंगळूर येथील शाळेत शिकत असता मारिओने धर्मगुरूंची चित्रे काढली आणि त्यापायी त्याला बोलणी खावी लागली. मित्रांना मात्र त्याची कला फार आवडे. त्यांच्यासाठी तो पोस्टकार्डांवर चित्रे काढून देई आणि त्याबद्दल नाममात्र पैसे घेई. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी इतिहास हा विषय घेऊन पदवी मिळवली. आईवडिलांच्या इच्छेवरून त्यांनी काही काळ वास्तुशास्त्राचाही अभ्यास केला. वास्तुशास्त्रातही रेघ असते. पण ती मोजमापाने बांधलेली आणि पट्टीने आखलेली. त्या अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. निश्चित मिळकतीची वाट सोडून चित्रांवर पोट भरावयाचे, हा निर्णय सोपा नव्हता. जाहिरातींची चित्रे काढणाऱ्या एका कचेरीत त्यांनी चार वर्षे काम केले आणि मगच व्यंगचित्रकला हा आपला पूर्णवेळ व्यवसाय मानला.

‘द इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकातून त्यांची चित्रे प्रसिद्ध होऊ लागली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते एक वर्ष पोर्तुगालमध्ये राहिले आणि त्यानंतर पाच वर्षे लंडनमध्ये. तेथून परतल्यावर मुंबईच्या वृत्तपत्रांतून त्यांनी मिस निंबूपानी, मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास अशी पात्रे उभी केली आणि वाचकांना हसवले. १९७४ मध्ये ते अमेरिकेला गेले. जेथे जेथे ते गेले, तेथील रस्ते, घरे आणि माणसे त्यांच्या कागदावर अवतरली.

मारिओंचे गर्दीचे चित्र एका दृष्टिक्षेपात पाहून संपत नाही. शाईच्या बारीक, रेखीव रेघांनी ते सारा कागद भरून टाकतात. बाजाराचे चित्र असेल, तर त्यात एक जण भाव करतो, दुसरा जांभई देतो, वरच्या सज्जातून कोणी खाली डोकावते आणि कोपऱ्यातला कुत्रा या सर्वांकडे पाहत असतो. नाक थोडे लांब, पोट थोडे मोठे, अशी थोडी अतिशयोक्तीही तेथे असते. परंतु तिच्यात तुच्छता नसते. छायाचित्रकाराचे यंत्र समोरचे सारे एका क्षणात टिपते. चित्रकाराला मात्र प्रत्येक रेघ निवडावी लागते. काय ठेवावे, काय गाळावे आणि काय वाढवून दाखवावे, हे त्याला ठरवावे लागते. या निवडीतच त्याचा स्वभाव प्रकट होतो.

मारिओंच्या तरुणपणातील १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिश्या पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. १९६१ मध्ये गोवा स्वतंत्र झाला, त्यापूर्वीचे लोकजीवन त्या पानांवर पाहावयास मिळते. एका तरुणाने केवळ आवडीने काढलेल्या रेघा अशा प्रकारे इतिहासाच्या साक्षीदार ठरल्या.

भारत सरकारने त्यांना १९८८ मध्ये पद्मश्री आणि २००२ मध्ये पद्मभूषण या किताबांनी गौरवले. ११ डिसेंबर २०११ रोजी लोटली येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०१२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

मुंबईत कुलाब्याच्या ‘कॅफे माँडेगर’ या उपाहारगृहाच्या भिंती आणि गोव्यात पणजीचा बाजार मारिओंच्या चित्रांनी सजले. ज्या मुलाच्या रेघोट्यांपासून घराच्या भिंती वाचवाव्या लागल्या, त्याच्याच चित्रांसाठी पुढे दोन शहरांनी आपल्या भिंती मोकळ्या करून दिल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा हा प्रवास लांबचा खरा. पण त्याची पहिली पायरी होती ती आईने मुलाच्या हाती दिलेली एक कोरी वही.