आर, फुफाटा आणि खापर

घरगुती भाजण्या-शेकण्याचा आढावा लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात केक, बिस्किटं आणि नानकटाई असणार. त्यांच्यावरही लिहिते, पण माझं म्हणणं आधी मांडते. भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या वरणगावात भट्टी नसतानाही भाजण्याची विद्या घरोघर होती. गव्हाचा गोळा आरात पुरला की बट्टी, उपड्या खापरावर पसरला की मांडा, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगं धरलं की भरीत. तेल कमी, साधनं त्याहून कमी, आणि सगळी मदार विस्तव ओळखण्यावर. ही आपली बेकिंगची परंपरा आहे, हे मी चाळीस वर्षं सांगत आले आहे.

पापड, कुरडया, बिबड्या यांच्यावर दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी लिहितंच. शेवभाजीवर तर गरजेपेक्षा जास्त लिहून झालं आहे. ते सारं गृहीत धरून पुढे जाते.

केकचा इतिहास आमच्याकडे लहान आहे. 1964 साली वरणगावला आयुध निर्माणी आली आणि गावाशेजारी वसाहत उभी राहिली. देशभरची कुटुंबं तिथे राहायला आली. त्यांच्या स्वयंपाकघरांत मी पहिल्यांदा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन पाहिला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्या कुकरच्या तळाशी वाळू घालत, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढत आणि मंद आचेवर केक करत. 1970 साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं नव्या संसारांना धीर दिला. दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन आम्ही भुसावळच्या बेकरीत जायचो. पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायची आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. गरम नानकटाईचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं परत येताना अख्ख्या गाडीला वेलदोड्याचा वास यायचा. ते दिवस गोड होते, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. ऐंशीच्या दशकात एका पाककृती स्पर्धेत मी आरात भाजलेली बट्टी ‘भाजलेले पदार्थ’ या गटात ठेवली. परीक्षकांनी ती उचलून ‘ग्रामीण न्याहारी’त नेऊन ठेवली. कारण विचारलं, तर ओव्हन वापरलेला नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून बट्टीची वकिली मी हाती घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही.

बट्टीची पहिली गोष्ट म्हणजे दळण. पोळीचं मऊ पीठ घेतलं की बट्टी दगडासारखी होते, मग बाई बिचारी स्वतःच्या हाताला दोष देते. दोष हाताचा नसतो, दळणाचा असतो. गहू रवाळ दळावा लागतो, त्यात पाव हिस्सा मका चालतो. दाणेदार पिठात पाणी सावकाश मुरतं, गोळा चिवट होत नाही आणि भाजल्यावर आतून भुसभुशीत राहतो. पूर्वी हे दळण घरोटावर व्हायचं. घरोट म्हणजे आमच्याकडचं जातं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची त्या नावाची कविताच आहे. घरोटाला वैरण किती आणि कशी घालायची, यावर पिठाचा दाणा ठरायचा. आता गिरणीवाल्याला ‘बट्टीचं दळण’ असं सांगावं लागतं, आणि त्याच्याकडे आधीचं बारीक दळण चालू असेल तर थांबावंही लागतं. थांबा. तेवढा वेळ सत्कारणी लागतो.

पिठाला हळद, मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन. मुठीत दाबलं तर मूठ टिकेल आणि बोटानं टोचलं तर फुटेल, इतकंच मोहन. गोळा घट्ट मळायचा, अर्धा तास झाकून ठेवायचा, मग लिंबाहून मोठे गोळे वळून वर अंगठ्यानं खळगा करायचा. तो खळगा शोभेसाठी नसतो. त्यामुळे मधला भाग पातळ होतो आणि आच आतपर्यंत पोचते.

यानंतरचं काम विस्तवाचं. माझी आजी, आमची मोठी माय, गोवऱ्या रचून पेटवायची आणि शांत बसायची. आम्हा पोरींना घाई असे. ती म्हणायची, ‘‘जाय बसू दे, मंग टाक.’’ आमच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. तिचा ‘जाय’ म्हणजे जाळ. ज्वाळेवर बट्टी वरून करपते आणि आत कच्ची राहते. गोवऱ्या लाल होऊन वर राखेची साय धरली की तो खरा आर. त्यात बट्ट्या मांडायच्या, दहा मिनिटांनी फिरवायच्या, चहूबाजूंनी तांबूस डाग पडले की फुफाट्यात पुरायच्या. राख उष्णता धरून ठेवते आणि सावकाश सोडते, म्हणून पोटातलं पीठ निवांत शिजतं. अर्ध्या तासानं बट्टीला तडा गेला की ती झाली. मग सुती फडक्यात घालून दोघींनी चार टोकं धरायची आणि झुलवायची. राख झडून जाते. गरम असतानाच तळव्यानं दाबून फोडायची आणि वर तूप सोडायचं. सोबत तुरीचं घट्ट वरण, वांग्याची घोटलेली भाजी आणि लिंबाची फोड.

आता वाद. आमच्याकडे दुसरीही रीत आहे. कणकेला पदर देऊन गुंडाळी करतात, ती वाफवतात, कापतात आणि तळतात. लग्नाच्या पंगतीत शे-दोनशे माणसांना वाढायची तर ही रीत सोयीची, हे मान्य. पण हीच अस्सल आणि भाजलेली म्हणजे शेतावरची तडजोड, असं लिहिणाऱ्यांशी माझं पटत नाही. तळलेल्या बट्टीला तेलाची चव येते, भाजलेलीला गव्हाची. आधी कोणती आली असेल, हे ठरवायला एवढा विचार पुरे: ज्या घरात वर्षाचं तेल मोजून वापरलं जायचं, तिथे कढईभर तेल रोज कुठून येणार? गोवऱ्या मात्र गोठा असलेल्या प्रत्येक घरी होत्या.

दुसरा आक्षेप असा की बट्टी राजस्थानातून आली. याचं उत्तर मला वसाहतीतच मिळालं. एका हिवाळ्यात शेजारच्या बिहारी वहिनींनी सत्तू भरून लिट्टी केली, माळव्यातल्या भाभींनी कणीक आधी पाण्यात उकळून बाफले केले, नागपूरकडच्या काकूंनी रोडगे केले आणि मी बट्टी. आर एकच होता. प्रत्येकीला वाटत होतं की आपलाच पदार्थ मूळचा. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदग्रंथात अंगारकर्कटी नावानं निखाऱ्यावर भाजलेल्या गव्हाच्या गोळ्याचं वर्णन आहे. जिथे गहू आणि गाय आहे तिथे ही भाकर आहे. तिला एका प्रांताची सनद देणं अन्यायाचं आहे.

खापराची गोष्ट याहून जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे. गहू धुऊन वाळवून बारीक दळायचा, पीठ गाळायचं आणि मांडे तापल्या खापरावर भाजायचे, ही रीत त्यात सांगितली आहे. आमच्या घरीही गहू ओलवूनच दळत. ओलाव्यानं कोंडा चिवट होतो, त्याचा भुगा होत नाही, आणि कापडातून गाळलं की पांढरंशुभ्र पीठ खाली उतरतं. ती कणीक पाण्याचे हबके मारत, आपटत, ओढत इतकी मळायची की दोरीसारखी लांबली पाहिजे. दोन लहान पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा मिटवायच्या, मग पोळी हातांवर घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत वाढवायची. दीड-दोन फुटांची झाली की हलक्या हातानं खापरावर टाकायची. लाटणं लागत नाही. आमची माय मांडा टाकताना कुणाशी बोलत नसे.

या भागात मांड्यांची गोष्ट मुक्ताईवाचून पुरी होत नाही. वरणगावपासून मुक्ताईनगर जवळच. तापीकाठच्या मेहूणला 1297 साली मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा. त्याच मुक्ताईची मांड्यांची कथा आम्ही लहानपणापासून ऐकली. विसोबांनी कुंभारांना ताकीद दिली की या भावंडांना खापर द्यायचं नाही. मुक्ताई रिकाम्या हातानं परतली. ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला आणि तिनं त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. कीर्तनकार यातून योगाचं सामर्थ्य सांगतात. मला त्यातली घरातली पोर दिसते: भावानं मांडे मागितले म्हणून खापरासाठी दारोदार फिरलेली.

भरताबद्दल थोडक्यात, कारण त्याचं नाव आता सर्वदूर गेलं आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदकडचं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, कमी बियांचं वांगं, पऱ्हाट्यांचा झटकन भडकणारा जाळ, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत ज्वारी आणि सालाच्या उडदाच्या कळण्याची भाकरी. बट्टीला बसलेला आर लागतो, तर भरताला नाचता जाळ. वांग्याची साल करपून सुटली पाहिजे आणि धूर गरात उतरला पाहिजे. गॅसच्या बर्नरवर साल करपते. तो धूर मात्र येत नाही.

आज काय चाललं आहे? ‘खानदेशी’ असा फलक लावला की तांबडी तर्री, काळा मसाला आणि डोळ्यांत पाणी. आमच्या आयांच्या रोजच्या जेवणात वरण होतं, कळणं होतं, भाजलेलं वांगं होतं. तिखट होतंच, पण ते ठेच्याच्या रूपानं ताटाच्या कडेला असायचं. हॉटेलांनी कड मधोमध आणली आणि आपण तिलाच परंपरा म्हणू लागलो. बट्टी तळूनच मिळते. मांडे महोत्सवात मांडवाखाली करून दाखवतात. लोक फोटो काढतात आणि घरी जाऊन विकतची पोळी गरम करतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चुलीकडे परत चला, असं मी म्हणणार नाही. त्या धुरानं माझ्या मायचे डोळे गेले. गॅस आला ते बायांच्या भल्याचंच झालं. पण विद्या चुलीत नव्हती, आच ओळखण्यात होती, आणि ती नव्या साधनांवरही चालते. बट्ट्या घरच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात. मध्ये एकदा उलटा आणि तडा जाण्याची वाट पाहा. ओव्हन नसेल तर जुना जाड कुकर घ्या, रिंग-शिट्टी काढा, तळाशी मीठ पसरा, वर जाळी ठेवा आणि मंद आचेवर तासभर थांबा. लेकरांच्या हातात फडक्याची दोन टोकं द्या. राख नसली तरी गरम बट्ट्या झुलवायला त्यांना आवडेल. गिरणीत रवाळ दळण मागायला लाजू नका.

आणि एक शेवटचं सांगणं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर घ्यायला आपण कुंभाराकडे जातोच. तो खापर का करत नाही, असं मी एकदा आमच्या कुंभारदादांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘कोणी मागतच नाही, ताई.’’ मुक्ताईच्या वेळी खापर देऊ नका अशी ताकीद कुंभारांना होती. आज ताकीद कुणाचीच नाही, फक्त मागणारं उरलेलं नाही. येत्या आखाजीच्या महिनाभर आधी जा, आगाऊ पैसे द्या आणि घागरीसोबत एक खापर सांगून या.