आईचे दुखणे कोणत्या भाषेत?

आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. पण आईचे दुखणे मराठीतच दुखते. परवा तिला दवाखान्यात नेले. डॉक्टर कानडी, दुभाषी मी. आई म्हणाली, "पोटात ढवळतंय." मी सांगून टाकले, "होट्टे नोवु." ढवळणे आणि दुखणे एक का? पण प्राध्यापकाला टोकणार कोण! डॉक्टरही माझ्याकडेच बघून विचारत होते.

शेवटी मराठी जाणणाऱ्या सिस्टरने मला बाहेर पाठवले. तेव्हा आई बोलली, "महिनाभर अंगावरून जातंय." पाळी जाऊन वीस वर्षे झालेली! अशा वेळी कर्करोग नाही ना, हे लगेच तपासावे लागते. मुलासमोर ती हे कधीच बोलली नसती.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत भाषेवरून भेदभाव नको आणि रुग्णाला समजेल त्या भाषेत माहिती द्यावी, असे म्हटले आहे. आपण मात्र पाट्यांच्या भाषेवर भांडतो. मिरजेला नेलेल्या कानडी आजीचीही हीच गत होत असेल.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना म्हटले, "तिलाच विचारा, सिस्टर सांगतील," आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.