कडू आहे म्हणून औषध नव्हे

“कडूच तर आहे डॉक्टर, मधुमेहाला चांगलंच असेल की!” मुलाकडे मिलानला दोन महिने राहून आलेले एक काका बाह्यरुग्ण विभागात मला सांगत होते. तिथे रोज सायंकाळी जेवणाआधी काम्पारीचा एक लालभडक ग्लास व्हायचा. एकदा जेवण लांबले आणि काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मधुमेहासाठी ते ग्लिमेपिराइड घेतात.

काम्पारी १८६० मध्ये नोव्हारात जन्मले, त्याचे सौम्य भावंड आपेरोल १९१९ मध्ये पाडुआत. भूक चाळवण्यासाठी जेवणाआधी कडू घ्यायचे, ही यामागची कल्पना. ती अगदीच खुळी नाही. कडू चवीने तोंडाला लाळ सुटते. युरोपातल्या अनेक कडू पेयांत जेन्शियनचे मूळ असते आणि आपले काडेचिराईत त्याच कुळातले. जुन्या सरकारी दवाखान्यांतल्या भुकेच्या मिक्श्चरमध्येही जेन्शियन असायचे!

पण या बाटलीत कडूपणाच्या जोडीला साखर भरपूर असते आणि मद्यार्कही. आपेरोलमध्ये तो ११ टक्के, काम्पारीत देशागणिक २० ते २८ टक्क्यांच्या घरात. जिन, गोड व्हर्मुथ आणि काम्पारी प्रत्येकी ३० मिली घेऊन केलेल्या नेग्रोनीतून सुमारे १९ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. पोट रिकामे असताना रक्तातली साखर टिकवण्यासाठी यकृत नवी साखर तयार करते. मद्यार्क नेमके तेच काम रोखतो. ग्लिमेपिराइड तर इन्सुलिन वाढवतच असते. पेयातल्या साखरेचा आधार थोडाच वेळ पुरतो. त्यात घाम, थरथर, अडखळते बोलणे पाहून आजूबाजूचे म्हणतात, “चढली वाटतं!” आणि साखर पाजायची वेळ निघून जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे.

काकांचा पुढचा प्रश्न तयार होता : “मग जेवणात घातलं तर?” इटलीत संत्र्याच्या रसात काम्पारी घालून ग्रानिता, म्हणजे बर्फाचा चुरा करतात. त्यात आच नाही, त्यामुळे मद्यार्क सगळा तसाच राहतो. रस्सा अर्धा तास उकळला तरी साधारण तिसरा हिस्सा उरतो. यकृताचा आजार असलेल्यांनी त्याच्याही वाटेला जाऊ नये.

काकांना मी मद्यार्क नसलेले क्रोडिनो सुचवले. तेही इटलीचेच आणि कडसर. मात्र साखर त्यातही असते, म्हणून लेबल वाचायला सांगितले. आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायला.